दोन बागा आणि येवलें

घर सोडून दूरदेशीं गेलेला मनुष्य संधि मिळतांच एखादी बाग लावितो, आणि ती लावण्याची ऐपत नसेल तर दुसऱ्यानें लाविलेल्या बागेंत जाऊन बसतो, ही गोष्ट इतिहासांत वारंवार आढळते. बाबर बादशहाचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. १५२६ सालीं पानिपतची लढाई जिंकून तो आग्र्यास आला तेव्हां या देशांतील उष्मा, धूळ आणि वाहत्या पाण्याचा अभाव पाहून त्याचा जीव विटला, व यमुनेच्या पलीकडील तीरावर बाग आंखण्याचें काम त्यानें लगोलग हातीं घेतलें. त्याच्या सरदारांनींही त्याच बाजूस बागा लाविल्या. लोक त्या भागास काबूल म्हणूं लागले. काबूलकडून आलेलें खरबूज कापतांना या विजेत्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें, हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. एवढें राज्य मिळालें तरी मनास विसांवा मिळाला तो चार वाफ्यांत आणि पाण्याच्या पाटांत.

बाबराला निदान आपला देश कोणता हें ठाऊक होतें. परंतु ज्या मनुष्यास आपल्या जन्मभूमींतच परकेपणानें वागविलें जातें, आणि सातासमुद्रांपलीकडे गेल्यावरच प्रथम माणूस म्हणून उभें राहतां येतें, त्याचा स्वदेश कोणता व परदेश कोणता? हा प्रश्न आम्ही अलंकारासाठीं विचारीत नाहीं. १९३१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत मुंबईस मणिभवनांत महात्मा गांधी व डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांची भेट झाली. बोलण्याच्या ओघांत मायभूमीचा विषय निघाला, तेव्हां आपणांस मायभूमिच नाहीं, असें डॉक्टरांनीं उत्तर दिलें. हें उत्तर ऐकून रागावणें सोपें आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र असें उत्तर देणारा मनुष्य कोणत्या वाटेनें तेथवर आला, हें पाहिलें पाहिजे. त्या वाटेवर दोन बागा लागतात. एक मुंबईची, दुसरी बडोद्याची. आणि पुढें तीच वाट १९३५ सालीं आमच्या नाशिक जिल्ह्यांतील येवल्यास येते. या दोन बागांकडे चरित्रकारांचें लक्ष गेलें नाहीं असें नाहीं. पण दोन्ही एकत्र ठेवून कोणीं फारसें पाहिलेलें दिसत नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईची बाग म्हणजे चर्नी रोड स्टेशनालगतची. चर्नी या नांवाची एक व्युत्पत्ति मोठी मौजेची आहे. १८३८ च्या सुमारास सरकारनें गुरें चारण्यावर कर बसविला, तेव्हां ज्यांना तो देणें परवडेना अशांच्या गुरांकरितां सर जमशेटजी जिजीभाई यांनीं ठाकुरद्वाराजवळ स्वतःच्या पैशानें कुरण विकत घेतलें. गुरें तेथें विनामूल्य चरूं लागलीं आणि चरणें या क्रियापदावरून चर्नी हें नांव पडलें, असें सांगतात. पुढें त्या वस्तींतून आगगाडी गेली, स्टेशन झालें, आणि स्टेशनालगत बाग झाली. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या बागेंत संध्याकाळच्या वेळीं एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन बसलेला दिसे.

तो बागेंत कां येई? हवा खाण्याकरितां नव्हे. सुभेदार रामजी सकपाळ यांचें बिऱ्हाड परळास एका चाळीतल्या एकाच खोलींत होतें. तेथेंच चूल, तेथेंच सरपण, तेथेंच सगळ्यांचें निजणें. वडील रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलास अभ्यासास उठवून त्याच्या जागीं आपण निजत, असें चरित्रकार सांगतात. ज्या घरांत मुलाला निजण्याची व वडिलांना निजण्याची जागा एकच आहे, तेथें वाचण्यास निराळी जागा कोठून असणार? शाळा होती एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी, नामांकित. पण तेथेंही फळ्यामागें इतर मुलांचे फराळाचे डबे ठेविलेले असत, आणि मास्तरांनीं भीमरावांस फळ्याजवळ बोलावतांच डबे बाटतील या भयानें मुलांनीं धांवत जाऊन ते बाजूला केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. संस्कृत शिकण्याची मनांतून इच्छा. पण ती भाषा शिकविण्यास नकार मिळाला, म्हणून फारसी घ्यावी लागली. आमच्यासारख्या भाषेच्या नादिष्ट मनुष्यास येथें एक योगायोग दिसल्यावांचून राहात नाहीं. आपण ज्या शब्दानें बागेस बाग म्हणतों तो शब्दच फारसी आहे, आणि त्या भाषेंतील शेख सादीच्या दोन विख्यात ग्रंथांचीं नांवें, गुलिस्तान व बोस्तान, हीं दोन्ही बागांचींच नांवें आहेत. देवभाषेचें दार लागलें आणि बागांच्या भाषेचें उघडलें.

सार्वजनिक बाग ही संस्था आपल्याकडे जुनी नव्हे. पेशव्यांनीं पुण्यास हिराबाग केली, सारसबाग केली. पण त्या बागा धन्याच्या. तेथें जाणारा धन्याचा पाहुणा असे, नाहीं तर माळी. मुंबईसारख्या शहरांत एकोणिसाव्या शतकांत ज्या बागा झाल्या त्यांचा मालक म्हणजे कोणीच नाहीं आणि सर्वच. बांकावर बसलेल्या मनुष्यास त्याची जात विचारण्याचा अधिकार शेजारीं बसलेल्यास नव्हता, आणि विचारण्याचें कारणही नव्हतें. कारण बागेंत कोणी कोणाला पाणी वाढीत नाहीं. देऊळ, विहीर, पंगत व धर्मशाळा या चारही ठिकाणीं आपल्या समाजानें शिवाशिवीचे नियम घातले होते, पण बाग नवी असल्यामुळें तिच्याविषयीं नियम करण्यास शास्त्रकारांस अवसर मिळाला नाहीं, असें थोडें विनोदानें म्हणतां येईल. अर्थात् सार्वजनिक म्हटलेली प्रत्येक बाग तशी होतीच असें समजूं नये. कानपुरास १८५७ च्या उठावांत मारल्या गेलेल्या इंग्रज बायकामुलांच्या विहिरीभोंवतीं जी स्मारकबाग केली होती, तींत पासावांचून हिंदी मनुष्यास पाऊल टाकतां येत नसे. स्वातंत्र्यानंतर तिचें नांव नानाराव पार्क झालें व तेथें तात्या टोपे यांचा पुतळा आला. तात्यांचें जन्मस्थान येवलें, हें येथें जातां जातां नमूद करावेसें वाटतें.

चर्नी रोडच्या बागेंत संध्याकाळीं बसावयास येणाऱ्यांत कृष्णराव अर्जुन केळुसकर हे एक होते. जन्म १८६० चा, मूळ गांव वेंगुर्ल्याजवळचें केळूस, विल्सन हायस्कुलांत शिक्षक, ग्रंथकार, सत्यशोधक व सुधारक मंडळींत ऊठबस असलेले. शिवाजी महाराजांचें त्यांनीं लिहिलेलें मोठें चरित्र महाराष्ट्रास परिचित आहे. त्याच्याही आधीं, १८९८ सालीं, त्यांनीं मराठींत गौतमबुद्धाचें चरित्र लिहिलें होतें, आणि तें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें झालें होतें. रोज एकटाच येऊन वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेंत भरला. त्यांनीं चौकशी केली. मुलानें आपली जात न लपवितां सांगितली. मास्तरांनीं काय केलें? तो काय वाचतो तें पाहिलें, आणि काय वाचावें तें सांगूं लागले. आपल्याजवळचीं पुस्तकें देऊं लागले. एवढेंच. मोठें भाषण नाहीं, समारंभ नाहीं. शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या एवढेंच शब्दाची किंमत ठाऊक आहे. त्या मुलाच्या शाळेंत शिक्षक नव्हते काय? होते. परंतु त्याला खरा शिक्षक मिळाला तो शाळा सुटल्यानंतर, बागेंतल्या बांकावर.

पुढें भीमरावांचा सत्कार करण्याकरितां त्यांच्या समाजानें सभा भरविली व त्या प्रसंगीं केळुसकरांनीं आपलें बुद्धचरित्र त्यांस भेट दिलें. हा सत्कार कोणत्या परीक्षेबद्दल होता याविषयीं एकवाक्यता नाहीं. चरित्रकार १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेचें नांव घेतात. स्वतः बाबासाहेब १९५६ सालीं लिहिलेल्या एका प्रस्तावनेंत इंग्रजी चौथ्या इयत्तेचें नांव घेतात. चाळीसपन्नास वर्षांनंतरच्या आठवणींत साल चुकणें स्वाभाविक आहे. पुस्तक चुकत नाहीं. त्याच प्रस्तावनेंत ते सांगतात कीं वडील कबीरपंथी, मोठे धार्मिक. मुलांकडून रामायण महाभारत नित्य वाचवून घेत. आणि बुद्धचरित्र वाचल्यानंतर वडिलांनीं आपणांस बौद्ध वाङ्मय कां दाखविलें नाहीं, असा प्रश्न मुलाच्या मनांत उभा राहिला. मुलगा बापाला प्रश्न विचारूं लागला म्हणजे पुस्तकानें आपलें काम केलें असें समजावें.

केळुसकर पुस्तक देऊन थांबले नाहींत. कॉलेजचा खर्च वडिलांस झेपेना, तेव्हां त्यांनीं खटपट करून भीमरावांस सयाजीराव महाराजांपुढें नेलें आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. त्या शिष्यवृत्तीवर बी. ए. झालें. मग १९१३ सालीं महाराजांनींच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत जाण्याकरितां साहाय्य दिलें, आणि बडोदें संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर एका महाराचा मुलगा अमेरिकेस निघाला.

अमेरिकेंतील तीन वर्षांचा वृत्तांत येथें विस्तारानें देण्याचें कारण नाहीं. सेलिग्मन व ड्यूई यांच्यासारखे गुरु, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंतचें वाचन, १९१५ ची एम. ए. पदवी, पुढें लंडन. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आपण अस्पृश्य आहों ही जाणीव युरोप-अमेरिकेंतील वास्तव्यानें आपल्या मनांतून पुसून गेली होती, असें बाबासाहेबांनीं स्वतः लिहिलें आहे. वसतिगृहांत त्यांच्या खोलींत राहणारा नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा जन्माचा मित्र झाला. ही मैत्री वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील प्रसंगाचा कडवटपणा तिच्यामुळें अधिक जाणवतो.

शिष्यवृत्तीची मुदत संपून १९१७ सालीं लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परतले आणि करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले. पुढें अर्थमंत्री करावयाचा म्हणून अनुभवाकरितां त्यांस हिशेबखात्यांत घेतलें होतें. स्टेशनावर उतरल्यावर प्रश्न पडला तो मात्र साधा होता: राहावयाचें कोठें? हिंदु खाणावळी घेणार नाहींत हें ठाऊक. खोटें नांव सांगून राहिल्यास उघडकीस येण्याचें भय. शेवटीं एका पारशी मुसाफरखान्यांत, तेथील व्यवस्थापकाच्या संमतीनें, पारशी नांव नोंदवून ते राहिले. रोजचे दीड रुपया भाडें, वरच्या मजल्यावर अडगळीचें सामान, अंधार, वटवाघळें, सोबतीस कोणी नाहीं. सरकारी बंगल्यासाठीं दिवाणांकडे अर्ज केला होता. त्याचें उत्तर येईना. अकराव्या दिवशीं सकाळीं कचेरीस निघावयाच्या वेळेस हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले. मुसाफरखाना बाटविल्याचा जाब त्यांनीं विचारला, आणि संध्याकाळपर्यंत जागा खालीं करण्याचा हुकूम देऊन ते गेले. आठ दिवसांची मुदत मागून पाहिली, मिळाली नाहीं. मग भीमराव दोन मित्रांकडे गेले, एक हिंदु व एक ख्रिस्ती. हिंदु मित्र म्हणाला, तुम्ही माझ्या घरीं आलांत तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगेन; ही बाई मूळच्या ब्राह्मण घराण्यांतली व आचारविचारांत तशीच राहिलेली.

दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्रीं नवाला. मध्यें पांच तास. हे पांच तास कोलंबियाच्या पदवीधरानें, महाराजांच्या अधिकाऱ्यानें, बडोदें शहरांत कोठें घालवावे? ते कामाठी बागेंत जाऊन बसले.

कामाठी बाग म्हणजेच सयाजी बाग. विश्वामित्री नदीच्या कांठची ही बाग १८७९ सालीं सयाजीराव महाराजांनीं लोकांकरितां केली. आतां धागे जुळवून पाहावे. बुद्धचरित्र झालें तें याच राजाच्या आश्रयानें. कॉलेजचे पंचवीस रुपये याच राजाचे. अमेरिकेची वाट दाखविली याच राजानें. आणि त्याच्या राजधानींत एकाही घराचें दार उघडेना, तेव्हां बसावयास जागा मिळाली तीही याच राजाच्या बागेंत. ज्या संस्थानानें अस्पृश्यांकरितां शाळा काढल्या, १९०६ सालीं सबंध राज्यांत सक्तीचें मोफत शिक्षण सुरू केलें, त्या संस्थानाचा राजा काय करूं शकतो आणि काय करूं शकत नाहीं, याची मर्यादा त्या दिवशीं त्या बागेच्या कुंपणाशीं दिसून आली. राजा शिष्यवृत्ति देऊं शकतो, बाग देऊं शकतो; शेजारी देऊं शकत नाहीं. सयाजीरावांचा अधिक्षेप करण्याच्या हेतूनें आम्ही हें म्हणत नाहीं. त्यांच्या तोडीचे राजे त्या काळीं हिंदुस्थानांत फार थोडे होते, म्हणूनच हें उदाहरण बोलकें आहे.

त्या पांच तासांत काय झालें? लोकपरंपरा सांगते कीं तेथें एका वडाखालीं बसून त्यांनीं आपल्या समाजाच्या उद्धाराचा संकल्प केला. त्या जागेस आज संकल्पभूमि म्हणतात व भाविक तेथें जमतात. बाबासाहेबांच्या स्वतःच्या निवेदनांत मात्र संकल्पाचा उच्चार नाहीं. ते सांगतात तें याहून साधें व आमच्या मतें याहून हृदयद्रावक आहे. मन कांहीं वेळ अगदीं रिकामें होतें, कांहीं वेळ दुःखानें भरून येत होतें. आणि निराधार झालेलीं मुलें जशीं आईबापांना आठवतात तशी आपणांस आईबापांची आठवण झाली, एवढेंच त्यांनीं लिहिलें आहे. आई त्यांच्या लहानपणींच गेलेली. वडील अमेरिकेस निघण्यापूर्वीं कांहीं महिने वारलेले. आठ वाजतां ते बागेंतून उठले, गाडी करून मुसाफरखान्यांतून सामान काढलें व स्टेशनावर आले. परंपरेस संकल्प हवा असतो, कारण तिला पुढचा इतिहास ठाऊक असतो. बागेंत बसलेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणास तो ठाऊक नव्हता. तरी परंपरेस आम्ही खोटी म्हणणार नाहीं. जें त्या दिवशीं शब्दांत आलें नाहीं तें पुढें कृतींत आलें, हें तिनें आपल्या रीतीनें ओळखलें आहे.

हें निवेदन बाबासाहेबांनीं कधीं लिहिलें? काठ्या घेतलेल्या त्या माणसांचें दृश्य अठरा वर्षें लोटलीं तरी पुसलें गेलें नाहीं आणि आठवलें कीं डोळ्यांत पाणी येतेंच, असें तेथें आहे. १९१७ मध्यें अठरा मिळविले म्हणजे १९३५ साल येतें. त्या आठवणींत दिलेलीं सालें एकदोन वर्षांनीं मागेंपुढें होतात, म्हणून या हिशेबावर फार भार टाकणें बरें नव्हे. तरी कामाठी बाग व येवलें यांतील अंतर कागदावर दिसतें तेवढें लांब नव्हतें, हें त्यावरून कळतें.

मधल्या काळांतील घटना सर्वश्रुत आहेत. १९२३ सालीं रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत संमत झाला, आणि सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस कागदावर खुले झाले. कागदावरचें खरें करण्याकरितां १९२७ च्या मार्चांत महाडचें चवदार तळें झालें. २ मार्च १९३० रोजीं नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पांच वर्षें चालला. आमच्या जिल्ह्यांतील जुन्या मंडळींच्या आठवणींत त्या लढ्याच्या गोष्टी अजून निघतात. रथाची, दगडांची, आणि बंद दरवाजापुढें बसून राहिलेल्या बायकांची. मंदिराचें दार उघडलें नाहीं. १९३५ च्या मे महिन्यांत रमाबाई गेल्या. पंढरपुरास जाऊन विठोबाचें दर्शन घ्यावें ही त्यांची इच्छा होती. दारांतूनच दर्शन घ्यावें लागेल अशा देवाकडे नेण्यास पतीचें मन घेईना. ती इच्छा राहून गेली.

आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास परिषद भरली. मनमाडाहून दक्षिणेस जाणाऱ्या आगगाडीवरचें हें गांव. रेशमाचें, जरीचें, पैठणीचें. येथले विणकर मूळ बाहेरून आणून वसविलेले, आणि त्यांच्या हातच्या पदरावर वेल, कमळ, मोर, पोपट असे उमटतात कीं आडव्या धाग्यांत बागच फुलली आहे असें वाटावें. परिषदेस आलेल्या सुमारें दहा हजार माणसांपैकीं ती पैठणी ज्यांच्या घरीं असेल असे किती होते, हा विचार मनांत आल्यावांचून राहात नाहीं. स्वागताध्यक्ष अमृतराव रणखांबे होते. नाशिकचा लढा चालविणारे भाऊराव गायकवाड व त्यांचे सहकारी होते. बाबासाहेबांनीं काळाराम सत्याग्रहाच्या पांच वर्षांचा हिशेब मांडला. देवळाचें दार ठोठावण्यांत यापुढें शक्ति घालवूं नये असें सांगितलें. मग स्वतःविषयीं बोलले: हिंदु म्हणून जन्मास येणें आपल्या हातीं नव्हतें, हिंदु म्हणून मरणार नाहीं, एवढें मात्र आपल्या हातीं आहे. ज्या धर्मांत समान दर्जा, समान संधि व समान वागणूक मिळेल तो निवडावयाचा. कोणता, हें त्यांनीं त्या दिवशीं सांगितलें नाहीं.

या घोषणेनें हिंदुस्थानभर खळबळ उडाली. कोणी विनविलें, कोणी धमकाविलें, निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनीं निमंत्रणें धाडलीं. पुढच्या वर्षीं शीख धर्माकडे त्यांचा ओढा दिसला. यावरून कित्येकांनीं असें अनुमान काढलें कीं येवल्याची घोषणा हा केवळ राजकारणांतील डाव होता. आम्हांस तें पटत नाहीं. येवल्याच्या आधींच दादरच्या हिंदु कॉलनींत त्यांचें घर बांधून झालें होतें, आणि त्याला नांव दिलें होतें राजगृह. तें नांव बिंबिसाराच्या राजधानीचें. ज्या नगराबाहेर वेळुवन होतें त्या नगराचें. केळुसकरांनीं दिलेलें पुस्तक ज्यांनीं वाचलें आहे त्यांस यांत आश्चर्य वाटणार नाहीं. शोध प्रामाणिक होता, सर्व दारें पाहिलीं गेलीं. पण मनाचा कल फार पूर्वीं एका बांकावर ठरून गेला असावा.

बुद्धचरित्र हें बागांचें चरित्र आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. जन्म लुंबिनीच्या वनांत. पहिला उपदेश ऋषिपत्तनाच्या मृगदावांत. बिंबिसारानें दिलें तें वेळुवन. वैशालीस आम्रपालीची आमराई, राजगृहास जीवक वैद्याची आमराई, आणि शेवट कुशिनारेस दोन शालवृक्षांमधें. यांत सर्वांत प्रसिद्ध श्रावस्तीचें जेतवन. अनाथपिंडिक सावकारानें राजपुत्र जेताकडे ती बाग विकत मागितली. जमीन झांकेल इतकीं सोन्याचीं नाणीं पसर, मग पाहूं, असें राजपुत्र थट्टेनें म्हणाला, आणि सावकारानें गाड्या भरून नाणीं आणून पसरविलीं. भारहूतच्या शिल्पांत हा प्रसंग कोरलेला आहे. बैलगाडी सोडलेली, माणसें जमिनीवर चौकोनी नाणीं मांडीत आहेत, झाडें उभीं आहेत. पाली भाषेंत अशा दान दिलेल्या बागेस आराम म्हणतात. संघाराम हा शब्द त्यावरूनच आला. मराठींत आपण विश्रांतीस आराम म्हणतों तो फारसींतून आलेला निराळा शब्द. पण दोन्ही एकाच उच्चारांत येऊन मिळाले, हें भाषेचें शहाणपण समजावें.

देवळास गाभारा असतो; गाभाऱ्यास उंबरठा असतो; आणि उंबरठा आला म्हणजे आंत कोण व बाहेर कोण हा प्रश्न आला. बागेस गाभारा नाहीं. थेरगाथेंत सुनीत नांवाचा एक भिक्षु आहे. हलक्या कुळांत जन्मलेला, सुकलेलीं फुलें उचलून टाकण्याचें काम करणारा, लोकांपुढें मान खालीं घालून वांकणारा. बुद्ध त्याच्या वाटेनें आला. सुनीतानें कावड खालीं टाकली व दीक्षा मागितली. बुद्धानें ये म्हटलें, आणि तीच त्याची दीक्षा झाली. बाबासाहेबांनीं आपल्या बुद्धचरित्रांत पतितांच्या धर्मांतराचें एक निराळें प्रकरण घातलें आहे, व त्यांत सुनीताची कथा घेतली आहे. निर्माल्य उचलणाऱ्यास बागेंत बोलावून घेणारा धर्म शोधीत ते एकवीस वर्षें फिरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं लाखों अनुयायांसह धर्मदीक्षा घेतली, तीही उघड्या मैदानावर, आकाशाखालीं. येवल्याच्या घोषणेस त्या दिवशीं एकवीस वर्षें व एक दिवस झाला होता.

येवल्याच्या त्या जागेस आतां मुक्तिभूमि म्हणतात. तेथें स्मारक उभें आहे, आणि दरवर्षीं ऑक्टोबरच्या तेराव्या तारखेस गांवोगांवचीं माणसें येतात. गांवांत तात्या टोप्यांचें नांव आहे, वेशीबाहेर बाबासाहेबांचें. एकानें परक्या राज्याशीं लढा दिला, दुसऱ्यानें घरच्या परकेपणाशीं. पैठणी घ्यावयास येणारे पुष्कळ लोक मुक्तिभूमीकडे वळत नाहींत, आणि मुक्तिभूमीस येणारे पैठणीच्या दुकानांत फारसे शिरत नाहींत. दोन्हीकडे जाणारे थोडे. ते वाढावे असें आम्हांस वाटतें.

राहिले केळुसकर मास्तर. बागेंतल्या त्या मुलाचें पुढें काय झालें याचा बराचसा भाग त्यांनीं पाहिला. महाड पाहिलें, नाशिकचा सत्याग्रह पाहिला, विलायतेच्या गोलमेज परिषदेच्या वार्ता ऐकिल्या. येवल्याची घोषणा ऐकण्यास मात्र ते राहिले नाहींत. १९३४ सालीं ते वारले. बावीस वर्षांनंतर बाबासाहेबांनीं बुद्ध आणि त्याचा धम्म हा ग्रंथ पुरा करतांना प्रस्तावना लिहिली. आपण बुद्धाकडे कसे वळलों हें सांगतांना त्यांनीं तींत या मास्तरांचें नांव घेतलें, दादा केळुसकर असें, घरच्या माणसाचें घ्यावें तसें. ग्रंथ १९५७ सालीं, ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ती प्रस्तावना त्या आवृत्तींत छापली गेली नाहीं.